मदत हवी आहे : चौथ्या टप्प्याचा लिम्फोमा, आणि डॉक्टर म्हणतात 'सध्या औषध नको'

नमस्कार.

मी सांगलीत एका माध्यमिक शाळेत शिकवते. माझे माहेर तासगाव तालुक्यातले. वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणतो, गेली पस्तीस वर्षे द्राक्षबाग करतात आणि आता धाकटा भाऊ त्यांच्या हाताखाली तयार झाला आहे. आण्णांचे वय ६१ आहे. जूनमध्ये त्यांना फॉलिक्युलर लिम्फोमा, म्हणजे लिम्फ ग्रंथींचा हळू वाढणारा कर्करोग, असल्याचे निदान झाले. टप्पा चौथा निघाला. आम्ही ज्या रक्तविकारतज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी सगळे अहवाल शांतपणे वाचले आणि सांगितले, की सध्या कोणतेही औषध द्यायचे नाही, तीन महिन्यांनी या. चौथा टप्पा आणि औषध नाही, ही दोन वाक्ये आमच्या घरात एकत्र नांदायला तयार नाहीत, म्हणून हा धागा काढत आहे.

आधीची हकीकत थोडक्यात सांगते. दिवाळीनंतर त्यांच्या मानेच्या उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली. ती दुखत नव्हती. ताप नव्हता, वजनही उतरले नव्हते. सुईने पाणी काढून तपासणी दोनदा झाली. पहिल्या वेळी पेशी अपुऱ्या असल्याचे कळवण्यात आले, तर दुसऱ्या वेळी 'ग्रंथीला सूज, क्षयाची शक्यता नाकारता येत नाही' असा अहवाल आला. तेवढ्या आधारावर एका डॉक्टरांनी क्षयाची औषधे सुरू केली आणि आण्णांनी ती दोन महिने नेमाने घेतली. लघवीचा रंग नारिंगी झाला, जेवणावरची वासना उडाली, गाठ मात्र होती तशीच राहिली. अखेर मिरजेतील एका शल्यचिकित्सकांनी गाठ पूर्ण काढून तपासणीला पाठवली, तेव्हा खरे काय ते कळले. गेलेल्या दोन महिन्यांचा राग माझ्या मनात अजून आहे, पण त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

अहवालातील मुख्य गोष्टी अशा : फॉलिक्युलर लिम्फोमा, ग्रेड २, सीडी-२० (पेशींवरची एक खूण) पॉझिटिव्ह, केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात त्याचे माप) सुमारे १५ टक्के. पेट स्कॅनमध्ये (आजार अंगात कुठे आहे ते दाखवणारी तपासणी) काखेतील गाठ २.८ सेंटीमीटर आणि पोटातील एक ३.६ सेंटीमीटर आहे. बोनमॅरोमध्येही (हाडांच्या आतील मगजात) आजाराच्या पेशी सापडल्या आहेत आणि टप्पा चौथा लिहिण्याचे कारण तेच आहे. हिमोग्लोबिन १३.१, प्लेटलेट व्यवस्थित, एलडीएच (आजाराचा जोर दाखवणारी रक्ततपासणी) मर्यादेत. आण्णा रोज सकाळी बागेत चक्कर मारतात आणि त्यांना स्वतःला काहीही होत नाही.

घरची स्थिती मात्र बिघडली आहे. भावाचे म्हणणे असे, की पैसे मिळणार नाहीत म्हणून डॉक्टर हात झटकत आहेत, किंवा आता उपयोगच नाही हे तोंडावर सांगण्याचे टाळत आहेत. आत्या रोज फोन करून 'अजून सलाइन चालू केले नाही का' असे विचारतात. आईने कोणाला न सांगता आण्णांचे ताट-तांब्या वेगळे ठेवायला सुरुवात केली आहे. आण्णांनी ते पाहिले आणि काही बोलले नाहीत, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. खुद्द आण्णा आरशासमोर उभे राहून दिवसातून चारपाच वेळा मान चाचपतात.

आपल्यापैकी कोणाला अनुभव किंवा माहिती असल्यास कृपया सांगावे. औषध न देता थांबणे ही खरोखर रीतसर पद्धत आहे का, आणि तसे असल्यास ती कशाच्या आधारावर ठरली? थांबण्याची मुदत संपली हे कशावरून ओळखायचे? भाऊ त्यांना मुंबईला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात नेऊ म्हणतो, ते आत्ताच करावे का? आणि शेवटचा प्रश्न, जो आण्णा फक्त मला विचारतात : हे फवारणीमुळे झाले का?

प्रतिसाद : सूक्ष्मदर्शी

ताई, मी विकृतिशास्त्र विभागातून निवृत्त झालो आहे. आपल्या वडिलांना मी तपासलेले नाही, त्यामुळे जे लिहितो ते सर्वसाधारण माहिती म्हणून घ्यावे.

आधी निदानाला झालेल्या विलंबाबद्दल. लिम्फोमा ओळखताना पेशी पाहणे पुरत नाही, त्या ग्रंथीत कशा मांडल्या गेल्या आहेत ते पाहावे लागते. सुईतून सुट्या पेशी येतात, मांडणी येत नाही. आपण बागायतदारांच्या घरच्या आहात म्हणून सांगतो : एक मणी हातात घेऊन घडाची ठेवण कळत नाही. फॉलिक्युलर हे नावच मुळी त्या ठेवणीवरून पडले आहे. आपल्याकडे मानेतील गाठ म्हटले की क्षय आधी आठवतो आणि तो पुष्कळदा असतोही. परंतु जंतू दिसलेले नसताना केवळ शक्यतेवर औषधे सुरू झाली आणि गाठ हलली नाही, तर पूर्ण ग्रंथी काढून तपासण्याला पर्याय नसतो.

आता चौथ्या टप्प्याबद्दल. हे टप्पे १९७१ साली अमेरिकेतील ॲन आर्बर येथे ठरले. आजार शरीरात कुठे कुठे आहे, एवढेच ते सांगतात. स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगात चौथा टप्पा म्हणजे रोग मूळ जागा सोडून लांब पोहोचला. लिम्फोमा ज्या पेशींचा आजार आहे त्या लिम्फोसाइट पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) मुळातच रक्तातून, ग्रंथींतून आणि बोनमॅरोतून फिरत्या असतात. म्हणून फॉलिक्युलर प्रकारात निदानाच्या वेळीच बोनमॅरोत पेशी सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे. तिथे 'चौथा' या शब्दाने घाबरून जाऊ नये.

थांबण्याची पद्धत रीतसर आहे. ब्रिटनमध्ये लक्षणे नसलेल्या ३०९ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्यांना लगेच क्लोराम्ब्युसिल हे कर्करोगावरचे औषध दिले, निम्म्यांना त्रास सुरू होईपर्यंत नुसते पाहिले. दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. थांबलेल्या गटातील निम्म्यांना औषधाची गरज पडायला सुमारे अडीच वर्षे लागली आणि काहींना दहा वर्षांनंतरही ती पडली नव्हती. पुढे रिटुक्सिमॅब (सीडी-२० ही खूण असलेल्या पेशींवर काम करणारे औषध) आले, तेव्हा तोच प्रश्न त्या औषधासाठीही विचारला गेला. लवकर दिल्याने पुढील उपचार लांबले, आयुष्य मात्र वाढलेले दिसले नाही. हळू वाढणारा हा आजार सहसा मुळासकट जात नाही, पण औषधाला चांगला प्रतिसाद देतो. हाताशी असलेले औषध गरजेच्या वेळेसाठी राखून ठेवायचे, असा हा हिशेब आहे. आपल्या डॉक्टरांनी हात झटकलेले नाहीत. खरे सांगायचे तर आजाऱ्याच्या मुलाला 'सध्या काही देत नाही' असे सांगण्यापेक्षा एक सलाइन लिहून देणे कोणत्याही डॉक्टरला सोपे असते.

मुदत संपल्याच्या खुणा डॉक्टर मोजून पाहतात : एखादी गाठ ७ सेंटीमीटरच्या पुढे जाणे, किंवा तीन ठिकाणच्या गाठी प्रत्येकी ३ सेंटीमीटरच्या वर जाणे, पांथरी (प्लीहा) वाढून त्रास होणे, छातीत किंवा पोटात पाणी होणे, रक्तातील पेशी घटणे, कारण नसताना ताप, कपडे भिजवणारा रात्रीचा घाम, सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन उतरणे. याखेरीज एक वेगळी खूण लक्षात ठेवावी. इतर गाठी जागच्या जागी असताना एकच गाठ काही आठवड्यांत भराभर वाढू लागली किंवा एलडीएच एकदम चढले, तर आजाराने आपले रूप बदलून वेगवान प्रकार धारण केल्याची शंका घ्यावी लागते. दरवर्षी साधारण शंभरात दोनतीन जणांच्या बाबतीत असे घडते. तेव्हा तीन महिन्यांची वाट पाहू नये. त्या गाठीचा तुकडा पुन्हा तपासावा.

टाटा रुग्णालयाबद्दल माझे मत असे, की दुसरे मत जरूर घ्यावे, पण आधी मेणाचे ब्लॉक (ज्यांत काढलेल्या गाठीचे तुकडे जपलेले असतात) आणि त्यांच्यापासून केलेल्या तपासणीच्या काचा प्रयोगशाळेकडून ताब्यात घ्याव्यात. तेथील तज्ज्ञ नुसता कागद वाचून मत देत नाहीत, ते काच स्वतः पाहतात. ब्लॉक मागणे हा आपला हक्क आहे. ब्लॉक देताना प्रयोगशाळा सही घेते, एवढेच.

प्रतिसाद : कृष्णाकाठची

मी कऱ्हाडची. मला हाच आजार होऊन आठ वर्षे झाली. पहिली चार वर्षे काहीही घेतले नाही. त्यानंतर पोटातील गाठ वाढून भूक मंदावली, तेव्हा बेंडामस्टिन (केमोथेरपीचे औषध) आणि रिटुक्सिमॅब यांचे सहा डोस दर २८ दिवसांनी घेतले. आता पुन्हा नुसती तपासणी चालू आहे.

वरील प्रतिसादात वैद्यकीय बाजू नीट आली आहे. मी घरातल्या गोष्टींबद्दल लिहिते. औषध चालू असताना माणसे डबा घेऊन येतात, चौकशी करतात. औषध नसलेल्या आजाऱ्याचे काय करायचे हे कोणालाच कळत नाही. काही जण तर आजार खोटा ठरवून मोकळे होतात. माझ्या सासूबाईंना मी शेवटी असे सांगितले, की माझे औषध म्हणजे तारीख. त्यांना ते पटले, कारण तारखेला जाणे, रक्त देणे, कागद आणणे हे दिसते.

आईंना कृपया प्रेमाने सांगा, की हा आजार ताटातून, तांब्यातून, एकत्र झोपण्यातून कोणालाही लागत नाही. तुम्ही स्वतःच पुढच्या रविवारी आण्णांच्या ताटात जेवायला बसा. बोलण्यापेक्षा ते लवकर कळेल.

मान चाचपण्याची सवय मलाही होती. वारंवार दाबल्याने गाठ हुळहुळी होते आणि मग ती वाढली असे वाटते. माझ्या डॉक्टरांनी महिन्याचा एक दिवस ठरवून दिला. त्या दिवशी बघायचे, वहीत लिहायचे, वही मिटायची. वजन, ताप, घाम आणि गाठ एवढेच चार रकाने. तुमचे आण्णा बागायतदार आहेत, म्हणजे फवारणीची वही त्यांच्याकडे असणारच, त्यांना हे जड जाणार नाही.

डॉक्टरांना विचारून फ्लूची आणि न्यूमोनियाची लस आत्ताच घ्या. रिटुक्सिमॅब सुरू झाल्यावर लशीचा गुण फारसा येत नाही. ते औषध देण्याआधी कावीळ-बीची तपासणी करतात, तीही विसरू देऊ नका, कारण दबून राहिलेली कावीळ त्या औषधाने उसळू शकते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारवरील नाव जुळते का ते निवांतपणी पाहून ठेवा. माझ्या नावात एका अक्षराचा फरक होता आणि ऐन डोसाच्या वेळी चार हेलपाटे पडले.

प्रतिसाद : वाटसरू

आमच्या भागात गाठींवर पुड्या देणारे एक जाणकार आहेत. महिन्याभरात गाठ बसते, असे अनेकांनी सांगितले आहे. हवे असल्यास पत्ता कळवीन.

प्रतिसाद : सूक्ष्मदर्शी

वाटसरू यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही. परंतु महिन्यात गाठ बसवणाऱ्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले आढळते. स्टेरॉइडने लिम्फोमाची गाठ खरोखरच आक्रसते, आणि नेमका धोका तिथेच आहे. काही दिवसांनी ती परत येते, मधल्या काळात तपासणीचे चित्र मात्र पुसट होते. पत्ता कृपया देऊ नये.

फवारणीचा प्रश्न राहिला होता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लिंडेन हे कीटकनाशक माणसात कर्करोग घडवणारे ठरवले, आणि त्यातला पुरावा नॉन-हॉजकिन लिम्फोमाचाच होता; फॉलिक्युलर हा त्याचाच एक प्रकार. मॅलॅथिऑन आणि ग्लायफोसेट यांना त्याच वर्षी 'बहुधा घडवणारे' या गटात ठेवले गेले. म्हणजे संबंधाचा प्रश्न उगाच पडलेला नाही. तरीही एका विशिष्ट माणसाला फवारणीच्या अमुक औषधामुळेच झाले असे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही, आणि आयुष्यात कधीही फवारणी न केलेल्या माणसांनाही हा आजार होतो. आण्णांना अपराधी वाटत असेल तर त्याला आधार नाही. यापुढे त्यांनी पंपाजवळ जाऊ नये, आणि जो फवारणी करील त्याने हातमोजे, मुखपट्टी व अंगभर कपडे वापरावेत, एवढे जरूर करावे.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे.

ब्लॉक मिळाले. भाऊ आणि मी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन आलो. आण्णांना पहिल्या खेपेला नेले नाही. काचा पुन्हा पाहून निदान तेच ठरले आणि तूर्त थांबण्याचा सल्लाही तोच मिळाला. भावाने तेथील डॉक्टरांना स्पष्टच विचारले, की उपयोग नाही म्हणून तुम्ही थांबायला सांगत आहात का. त्यांनी त्याला समोर बसवून पोटातील गाठीचे माप आणि सातचा आकडा कागदावर शेजारी शेजारी लिहून दाखवले. परतीच्या प्रवासात तो बराच वेळ तो कागद उलगडून पाहत होता.

ताटाचा प्रश्न सुटला. मी आण्णांच्या ताटातला भाकरीचा तुकडा उचलल्यावर आई स्वयंपाकघरात निघून गेली आणि दुसऱ्या दिवसापासून ताटे एकत्र मांडली जाऊ लागली. आत्यांना मात्र तारखेचे औषध अजून पटलेले नाही.

फवारणीबद्दल मी आण्णांना वाचून दाखवले. लिंडेनचे नाव ऐकून ते म्हणाले, की पूर्वी ते मिळायचे, आम्ही हातानेच कालवायचो. मग त्यांनी भावासाठी हातमोजे आणायला सांगितले. वही त्यांनी सुरू केली आहे, परंतु चारऐवजी पाच रकाने आखले आहेत. पाचव्यात त्या दिवशी बागेत काय केले ते लिहितात. पुढची तपासणी ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत येते, म्हणून त्यांनी डॉक्टरांकडून आठ दिवस पुढची तारीख मागून घेतली आहे. तेवढ्याने काही बिघडत नाही, असे डॉक्टर म्हणाले. रक्ताचे अहवाल आले की याच धाग्यावर कळवीन.

कृष्णाकाठची ताई, एक विचारायचे राहिले : न्यूमोनियाची लस आपण एकदाच घेतली, की काही वर्षांनी पुन्हा घ्यावी लागली?