प्रतिसाद: चालू होत नाही म्हणजे बाद नव्हे

'विनापरवाना कार्ट्रिज चालू झाली नाही तर ती मेली समजा आणि पुढे चला' हे वर लिहिलेलं मला अजिबात पटलं नाही. एनईएसच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या गेम कन्सोलच्या बाबतीत दोष बहुतेकदा कार्ट्रिजमध्ये नसतोच. १९८५ च्या कन्सोलमध्ये टेनएनईएस नावाची कुलूप-चिप आहे. कार्ट्रिजमधल्या जोडीदार चिपशी तिचा संवाद जुळला नाही तर ती मशीन पुन्हापुन्हा रीसेट करते. निन्टेन्डोच्या परवान्याशिवाय गेम काढणाऱ्या टेंजेन कंपनीने स्वतःची 'रॅबिट' चिप बनवून हे कुलूप उघडलं. कलर ड्रीम्स, कॅमेरिका या तशाच कंपन्यांनी मात्र कार्ट्रिजमधून विजेचा झटका देऊन ती चिप गप्प बसवायचा मार्ग धरला. निन्टेन्डोने कन्सोलच्या पुढच्या सर्किट बोर्डांमध्ये या झटक्यापासून संरक्षण घातलं, त्यामुळे तीच कार्ट्रिज एका मशीनवर चालते, दुसऱ्यावर नुसती लुकलुकते.

माझ्याकडची एक अशीच कित्येक महिने 'बिघडलेली' म्हणून खोक्यात पडून होती. संपर्कपट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून झाल्या, काही फरक नाही. मग ती १९९३ मध्ये आलेल्या, वरून कार्ट्रिज घालायच्या एनईएस मॉडेलवर लावली आणि पहिल्याच फटक्यात सुरू झाली! त्या मॉडेलमध्ये ही चिपच नाही. तेव्हा कृपा करून आधी तिथे लावून बघा, फेकायचं नंतर ठरवा.