मदत हवी आहे: मेंढपाळीचे मराठी शब्द

नमस्कार मंडळी,
दिवाळी अंकासाठी ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचा कारभार सांभाळणाऱ्या एलिझाबेथ मॅकआर्थरवर लेख लिहितोय आणि शब्दांपाशी अडलोय. ही बाई 1790 मध्ये नवऱ्याबरोबर सिडनीला पोचली. 1793 मध्ये सिडनीजवळ पॅरामॅटाला घर बांधलं. जमीन मुळात धारुग या तिथल्या आदिवासी लोकांची, पण तिथे विचारतं कोण! नवरा जॉन भांडखोर. वसाहतीचा गव्हर्नर ब्लाय याला पदच्युत करण्याच्या भानगडीत अडकला आणि 1809 ते 1817 इंग्लंडमध्येच राहिला. मुलगे शिक्षणासाठी तिकडे, मुली हिच्यापाशी. मागे मेरिनो मेंढ्यांचे कळप, लोकरीचा हिशेब, कैदी मजूर, सगळं हिनेच सांभाळलं. श्रेय मात्र बराच काळ जॉनला.

आता अडचण. तेव्हा कुरणांना कुंपण नसे. दिवसा कैदी मेंढके कळप चारत आणि रात्री डिंगोंच्या, म्हणजे तिथल्या रानकुत्र्यांच्या, भीतीने मेंढ्या हलवता येणाऱ्या लाकडी चौकटींच्या आत कोंडत. राखणदार शेजारीच झोपे. आपले धनगर जाळ्याची वाघर लावतात, तसंच काहीसं. मग त्या चौकटींना ‘वाघर’ म्हटलं तर चालेल का, की वाचकाच्या डोळ्यांसमोर जाळंच येईल?

दुसरं, लोकरीसाठी पाळलेल्या खच्ची मेंढ्याला धनगरी बोलीत एकच शब्द आहे का? आणि ‘स्टेशन’ला, म्हणजे तिकडच्या मेंढ्या पाळायच्या अवाढव्य जमिनीला, काय म्हणू? ‘वाडा’ फिरता वाटतो, ‘मळा’ फारच लहान. ‘स्टेशन’च ठेवलं तर लोक आगगाडी शोधतील!

कुणाच्या घरी मेंढरं असतील तर आजीआजोबांना विचारून सांगा, प्लीज. शब्दकोशातले शब्द नकोत, ते माझ्याकडे आहेत.