पोरीला फॉरेस्ट्रीला पाठवू का? (नागपूरच्या लकडगंजातून विचारतोय)

लकडगंजचा मुनीम:

नमस्कार मंडळी. मी लकडगंजात एका आरामशीनवर बावीस वर्षांपासून हिशेब लिहितो. लाकूड मला घनमीटरमध्ये कळतं, झाड म्हणून फारसं नाही. पोरगी यंदा बारावी सायन्स झाली. सीईटीला बरे मार्क आहेत, आणि आता म्हणते अकोल्याला कृषी विद्यापीठात बी.एस्सी. फॉरेस्ट्री करायची. चार वर्षं. म्हटलं, बाई, ॲग्री कर, नाही तर इंजिनीअरिंग कर. तिचं एकच टुमणं. गोरेवाड्याच्या सफारीला नेलं होतं एकदा, तेव्हापासून डोक्यात जंगल शिरलंय.

माझ्या ओळखीचे फॉरेस्टवाले म्हणजे टीपी (लाकूड वाहतुकीचा पास) आणि रजिस्टर तपासायला येणारे. ते आले की शेठ चहा मागवतात आणि मी ड्रॉवर आवरतो. (चुकीचं काही नसतं, तरी आवरतो.) पोरगी त्यातलीच होणार का? खरंच नोकरी लागते का? आणि मुलीच्या जातीनं हे करावं का? मी ठाम नाही म्हणत नाही म्हणून बायको चार दिवसांपासून अबोला धरून आहे.

मोहाखालचा:

मुनीमजी, ड्रॉवर आवरणारे लय पाहिले, तुम्ही काही एकटे नाही.

मी बारावीवर गार्ड लागलो आणि आरएफओ, म्हणजे वनक्षेत्रपाल, होऊन निवृत्त झालो. आता मानेवाड्याला राहतो आणि गच्चीत कुंड्यांना पाणी घालतो. म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

आपल्याकडे फॉरेस्ट्रीची डिग्री आणि फॉरेस्टची नोकरी यांचं लग्न लागलेलं नाही. वनरक्षकाला बारावी पुरते. 2023 ला 2138 जागा निघाल्या, तेव्हा आमच्या गल्लीतला इंजिनीअर झालेला पोट्टा पहाटे मैदानावर धावत होता. पगार 21,700 ते 69,100 च्या पट्ट्यात. त्याच्या वर वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक. ही भरती एमपीएससीतून होते, आणि तिथं ॲग्रीवाले, इंजिनीअर, बॉटनीवाले सगळेच बसतात. सगळ्यात वर यूपीएससीची भारतीय वन सेवा. अलीकडं अख्ख्या देशात दरवर्षी दीडशेच्या आसपास जागा असतात, म्हणजे बघा. तिथं मात्र पोरीला फायदा आहे, कारण फॉरेस्ट्री हा ऐच्छिक विषय घेता येतो. बरेच जण सोबत जिओलॉजी घेतात. ॲग्रीकल्चर आणि फॉरेस्ट्री ही जोडी चालत नाही, हे आत्ताच सांगून ठेवा तिला.

आता काम काय असतं ते. लोकांना वाटते, वाघ पाहत फिरायचं. काहून बाप्पा! माझ्या नोकरीतला अर्धा वेळ कागदात गेला आणि उरलेल्यातला अर्धा माणसांत.

तुमच्या धंद्यातलंच सांगतो. कूप, म्हणजे तोडीचा पट्टा, आखून झाला की मार्किंग, म्हणजे तोडायच्या झाडांवर खुणा. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर, टेप लावून गोलाई घ्यायची. एक जण ओरडून आकडा सांगतो, दुसरा वहीत लिहितो, तिसरा साल तासून हातोड्याचा ठसा उमटवतो. ठसा दोन जागी: एक छातीशी आणि एक अगदी बुडाशी. झाड तोडून नेलं तरी बुडाचा ठसा थुटावर, म्हणजे उरलेल्या बुंध्यावर, राहतो. उद्या तपासणीला साहेब आला आणि ठसा नसलेलं थुट सापडलं, तर ती चोरी, आणि त्याचं उत्तर गार्डनं द्यायचं. तुमच्या शेठकडं येणारा प्रत्येक ओंडका असाच कुणाच्या तरी वहीतून आलेला असतो. म्हणून ते रजिस्टर बघायला येतात.

दुसरं, आग. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आमचा हंगाम, घरचं लग्न असलं तरी रजा नाही. देवलापारकडच्या एका बीटात (एका गार्डच्या हद्दीत) दर मार्चला आग लागायची. कारण साधं होतं. मोह गळतो तेव्हा फुलं नीट दिसावीत म्हणून लोक खालचा पाला पेटवतात, आणि वारा सुटला की ती आग आवरत नाही. पहिली दोन वर्षं मी पीओआर (वनगुन्ह्याचे प्राथमिक अहवाल) फाडले. आग काही कमी झाली नाही, गावात पाणी मिळणं मात्र बंद झालं. तिसऱ्या वर्षी एका म्हातारीनं विचारलं, "साहेब, तुह्या लोकाईले झाडू धरता येते का?" आठ दिवस वनमजुरांना घेऊन मोहाच्या बुडाशी झाडलोट केली, मीही केली. त्या वर्षी आगी निम्म्यावर आल्या. हे कोणत्या सेमिस्टरला शिकवतात मला माहीत नाही. जिला त्या म्हातारीशी बोलता येत नाही तिनं या वाटेला जाऊ नये, झाडांची लॅटिन नावं कितीही पाठ असू देत.

मुलीचं म्हणाल तर सरकारी भरतीत महिलांना 30 टक्के समांतर आरक्षण आहे. अधिकारी पदाला चालण्याची परीक्षा असते, चार तासांत पुरुषांना 25 आणि महिलांना 14 किलोमीटर. माझ्या हाताखाली दोघी होत्या. रात्रीच्या गस्तीला त्यांनी कधी कारण सांगितलं नाही. पुरुषांनी सांगितली, ढिगानं.

नकाशेवाली:

काका, मी अकोल्याचीच, त्याच डिग्रीची. सरकारी सोडून बाकीचं मी सांगते.

नागपूरसारखं गाव या धंद्याला दुसरं नाही. वनभवन इथं, वनविकास महामंडळाचं मुख्यालय इथं, भारतीय वन सर्वेक्षणाचं विभागीय कार्यालय इथं, रिमोट सेन्सिंगचं केंद्र इथं. वेकोलि या कोळसा कंपनीचं मुख्यालयही इथंच, म्हणजे खाणींच्या ढिगाऱ्यांवर झाडं लावायचं आणि ती मोजायचं काम. पण यातलं बरंचसं करारावर असतं. करार संपत आला की पोटात गोळा येतो, हे लपवत नाही.

माझी पहिली नोकरी एका खासगी कंपनीत, रोपवन तपासणीची. एका प्लॉटवर मी शंभर खड्डे मोजले, जिवंत रोपं निघाली 61. वरून फोन, "85 लिही, अहवाल तसाच जातो." मी 61 च लिहिले. पुढचे तीन महिने पगार अडकला, मग मीच सोडलं. आता उपग्रहाच्या चित्रांवरून झाडोऱ्याचे नकाशे करते. पगार बरा आहे, जंगलात जाणं महिन्यातून एकदा.

पोरीला दुसऱ्या वर्षापासूनच जीआयएस (संगणकावर नकाशे करायचं तंत्र) आणि थोडी स्टॅटिस्टिक्स शिकायला लावा. आमच्या बॅचमध्ये ज्यांनी ते केलं ते रिकामे बसले नाहीत. पुढं शिकायचं असेल तर देहरादूनची एफआरआय (वन संशोधन संस्था) आहे, आणि व्यवस्थापनाकडं ओढा असेल तर भोपाळची आयआयएफएम (वन व्यवस्थापन संस्था).

बीट नंबर सांगत नाही:

मी वनरक्षक आहे, महिला. मोहाखालचा साहेबांनी गस्तीचं लिहिलं ते बरोबर. पण क्वार्टरचं नाही लिहिलं. माझ्या क्वार्टरला पावसाळ्यात दोन खोल्यांत तीन बादल्या ठेवाव्या लागतात, मोबाइलला रेंज हवी तर टाकीवर चढते. हे माहीत असून यायचं असेल तर या. मला सोडावंसं वाटत नाही, का ते विचारू नका.

लकडगंजचा मुनीम:

सगळ्यांचे आभार. काल पोरीला दुकानात नेलं. तिनं सागाच्या ओंडक्यावरचा ठसा बोटानं चाचपून पाहिला आणि आकडे मला वाचून दाखवले. बावीस वर्षं तेच आकडे वहीत उतरवतोय, पण तो हातोडा कुणी मारला असेल हा विचार कधी आला नाही. 61 वाली गोष्ट बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "हिचा पगार अडकला तर काय करायचं?" म्हणजे बोलली तरी.

आता एकच सांगा. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये पहिली पसंती अकोला टाकू की दापोली? दोन्हीकडं फॉरेस्ट्री आहे म्हणतात.

मोहाखालचा:

अकोला. दापोलीचं कॉलेज चांगलं आहे, पण तिला काम करायचंय ते साग, ऐन, धावडा, मोहाच्या पानझडी जंगलात, तर चार वर्षं त्याच हवेत काढू द्या. शिवाय विदर्भ एक्स्प्रेसनं चार-पाच तासांत घर. दापोली दुसरी टाका.

आणि तिला आत्तापासून चालायला लावा. पहाटे फुटाळ्यावरून निघून सेमिनरी हिल्स चढायची आणि परत. बूट महागाचे घेऊ नका, पहिल्याच पावसात जातात.