दरडग्रस्त वाडीतील मतदारांची नावे यादीत टिकवण्यासाठी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्यातील एका दरडग्रस्त वाडीच्या वतीने निवडणूक यंत्रणेला निवेदन द्यायचे आहे. निवडणूक कायद्याची जाण असलेल्या, तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत काम केलेल्या किंवा स्वतः अशा प्रसंगातून गेलेल्या सदस्यांनी त्यासाठी मार्गदर्शन करावे, अशी विनंती आहे. वाडीचे व तालुक्याचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही, कारण पुनर्वसनाची जागा अद्याप निश्चित व्हायची आहे आणि नाव जाहीर चर्चेत येऊ नये, अशी तेथील कुटुंबांची इच्छा आहे.

दरड कोसळल्यानंतर वाचलेली कुटुंबे प्रथम शाळेत आणि नंतर शेजारच्या तालुक्यातील निवारा शेडमध्ये राहू लागली. शेडची जागा शासनानेच निवडली, परंतु ती दुसऱ्या विधानसभा मतदारसंघात येते. मतदार यादीच्या पुनरीक्षणात घरोघरी पडताळणी झाली, तेव्हा वाडीत साहजिकच कोणी भेटले नाही आणि बहुतेक नावांपुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडला. त्यानंतर नोटिसा निघाल्या. त्यांपैकी एक मी प्रत्यक्ष वाचली आहे. तिच्यावर एका सत्तरीच्या आजींचा जुना पत्ता, घर क्रमांकासह, व्यवस्थित छापलेला आहे. त्या क्रमांकाचे घर मातीखाली गेले आहे, आणि गावच्या कोतवालाने शेड शोधून नोटीस आजींच्या हाती दिली तेव्हा सुनावणीची तारीख उलटून गेली होती.

आम्हाला तोंडी सल्ला मिळाला तो असा, की सर्वांनी नमुना ८ भरून शेडच्या पत्त्यावर नाव हलवून घ्यावे. वरवर पाहता यात काही वावगे वाटणार नाही. पण वाडीतील जाणत्या मंडळींचा याला ठाम विरोध आहे आणि मला तो पूर्णपणे योग्य वाटतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २४३ नुसार ग्रामसभा म्हणजे त्या गावाच्या मतदार यादीत नोंदलेल्या व्यक्तींचा समूह होय. यादीतून नाव गेले की ग्रामसभेतील स्थानही गेले. नवी घरे कोठे बांधावीत, जुन्या जमिनीचे काय करावे, पाण्याची योजना कोठून न्यावी, हे विषय ज्या ग्रामपंचायतीपुढे येणार, तिथेच या लोकांना बोलण्याचा अधिकार उरणार नाही. वाडीचा प्रभाग लहान आहे. शंभर-दीडशे नावे कमी झाली तर पुढील प्रभागरचनेत तो शिल्लक राहील की नाही, याचीही शंका वाटते. दुसऱ्या बाजूला, शेड ज्या गावात आहे तेथील ग्रामस्थांनी या कुटुंबांना मनापासून आधार दिला असला तरी, त्यांच्या पंचायतीचा निकाल दोन वर्षांसाठी आलेल्या पाहुण्यांनी फिरवावा, हेही कोणाला रुचणार नाही.

कायद्यातील तरतुदी मी माझ्या परीने वाचल्या आहेत. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १९ नुसार मतदार त्या मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी असावा लागतो. कलम २० मध्ये मात्र दोन्ही बाजू दिसतात. केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी रहिवासी ठरत नाही, असे ते सांगते. आणि जो तात्पुरता बाहेर गेला आहे, तो केवळ त्या कारणाने रहिवासी असण्याचे थांबत नाही, असेही उपकलम (१अ) सांगते. आमचा सारा आधार या उपकलमावर आहे. कलम २२ नुसार रहिवासी न राहिल्याच्या कारणावरून नाव वगळण्यापूर्वी त्या व्यक्तीला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. मातीखालच्या घराच्या पत्त्यावर काढलेली नोटीस ही वाजवी संधी मानता येईल का, हा माझा पहिला प्रश्न आहे.

नैसर्गिक आपत्तीचा स्पष्ट उल्लेख मला लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ५७ मध्ये आढळला. दंगल, नैसर्गिक आपत्ती किंवा अन्य पुरेशा कारणाने मतदानात अडथळा आला, तर मतदान तहकूब करण्याची तरतूद त्यात आहे. म्हणजे तेथे कायद्याने विचारात घेतली ती मतदानाच्या वेळी आलेली आपत्ती. चार महिने आधी येऊन माणसे पांगवून गेलेली आपत्ती त्या कलमात बसत नाही. महाराष्ट्रात ही उणीव विशेष जाणवते, कारण आपल्या दरडी आणि महापूर जुलै ते सप्टेंबरमधले आणि विधानसभेच्या अलीकडच्या निवडणुका ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या. माळीणची दरड ३० जुलै २०१४ रोजी कोसळली आणि विधानसभेचे मतदान १५ ऑक्टोबरला झाले. कोल्हापूर-सांगलीचा महापूर ऑगस्ट २०१९ मधला आणि मतदान २१ ऑक्टोबरचे. योगायोग म्हणून सोडून देता येईल, अशी ही गोष्ट राहिलेली नाही.

पूर्वदाखले शोधताना किल्लारीचा भूकंप आधी डोळ्यांसमोर आला. ३० सप्टेंबर १९९३ नंतर लातूर-उस्मानाबाद भागातील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. परंतु तेथे अख्खे गाव आपल्या नावासह काही अंतरावर हलले. आमची अडचण वेगळी आहे: गाव अजून कोठेच वसलेले नाही आणि माणसे दुसऱ्या मतदारसंघात आहेत.

अधिक जवळचा दाखला वायनाडचा वाटतो. ३० जुलै २०२४ च्या भूस्खलनानंतर मुंडक्कई-चूरलमला परिसरातील लोक भाड्याच्या घरांत विखुरले होते, आणि १३ नोव्हेंबरच्या लोकसभा पोटनिवडणुकीत त्यांना मतदानासाठी नेण्या-आणण्याकरिता मोफत वाहनांची सोय करण्यात आली. मणिपूरमधील विस्थापनाचे कारण हिंसाचार होते, निसर्ग नव्हे. तरीही २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आयोगाने स्वीकारलेली पद्धत आम्हाला हवी तशीच आहे. विस्थापितांची नावे मूळ यादीतच राहिली आणि मदत छावण्यांजवळ विशेष मतदान केंद्रे उभारण्यात आली. काश्मिरी विस्थापितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्ली येथे अशी केंद्रे अनेक निवडणुकांत चालवली गेली आहेत. हिंसाचाराने घर सोडावे लागलेल्यांना जी सोय मिळते, ती डोंगर कोसळून घर गमावलेल्यांना का मिळू नये, याचे पटणारे उत्तर मला सापडलेले नाही.

परदेशातील दोन उदाहरणे निवेदनात द्यावीत, असे मनात आहे. जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर त्याच महिन्यात विशेष कायदा करून बाधित भागांतील स्थानिक निवडणुका पुढे ढकलण्यात आल्या. फुकुशिमा प्रांताच्या विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबरला झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झालेल्या दुसऱ्या कायद्याने अणुदुर्घटनेमुळे बाहेर पडलेल्यांना मूळ गावातील नोंद न मोडता नव्या ठिकाणी सेवा मिळण्याची वाट करून दिली. अमेरिकेत कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या महापौरपदाची निवडणूक फेब्रुवारी २००६ ऐवजी २२ एप्रिलला घेण्यात आली आणि लुइझियाना राज्यातील इतर शहरांतही तिच्यासाठी मतदान केंद्रे उघडण्यात आली. मात्र ती राज्याच्या हद्दीबाहेर उघडली नाहीत. त्यामुळे ह्यूस्टन किंवा अटलांटाला गेलेल्यांना टपालाने मत पाठवावे लागले किंवा लांबचा प्रवास करून यावे लागले. आमच्या मागणीतही नेमकी हीच हद्दीची अडचण आहे.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे: नाव वगळण्याच्या प्रस्तावांवर आता कोणत्या स्वरूपात हरकत घ्यावी? शेडजवळ मूळ मतदारसंघाचे मतदान केंद्र मिळवण्यासाठी अर्ज कोणाकडे आणि कोणत्या टप्प्यावर करावा? आणि ज्यांची मतदार ओळखपत्रे दरडीत गेली, त्यांनी काय करावे?

*

प्रतिसाद :

नमस्कार. मी महसूल विभागातून निवृत्त झालो असून अनेक वर्षे निवडणूक शाखेचे काम पाहिले आहे. आपण कलमे नीट वाचली आहेत, म्हणून थेट कामाचे लिहितो.

ओळखपत्राचा विषय आधी घेतो, कारण सर्वांत मोठा धोका तेथे आहे. हरवलेल्या ओळखपत्राच्या बदली नवे मिळवण्यासाठीही नमुना ८ च भरावा लागतो. निवासस्थानातील बदल, नोंदीतील दुरुस्ती, बदली ओळखपत्र आणि दिव्यांगत्वाची नोंद, अशा चार कारणांसाठी तो एकच नमुना आहे. घाईगर्दीच्या शिबिरात भरताना ‘निवासस्थानातील बदल’ या चौकोनात खूण झाली, तर मतदाराच्या स्वतःच्या सहीने त्याचे नाव दुसरीकडे जाईल आणि नंतर कोणाला दोष देता येणार नाही. प्रत्येक अर्ज जमा करण्यापूर्वी कोणीतरी जबाबदार व्यक्तीने ती एक ओळ तपासावी. ओळखपत्र वेळेत मिळाले नाही तरी यादीत नाव असल्यास आधार कार्ड, छायाचित्र असलेले बँक किंवा टपाल खात्याचे पासबुक, रोजगार हमीचे जॉब कार्ड अशा पर्यायी पुराव्यांवर मतदान करता येते. त्यामुळे ओळखपत्रापेक्षा यादीतील नाव महत्त्वाचे.

हरकत सामुदायिक निवेदनाने घेऊ नका. प्रत्येक मतदाराचे स्वतंत्र लेखी म्हणणे द्या आणि त्याला दोन कागद जोडा: नुकसानीचा पंचनामा आणि शेड वाटपाचा आदेश. निवारा तात्पुरता असल्याचे त्या आदेशात नमूद असेल, तर कलम २० (१अ) साठी याहून चांगला पुरावा नाही, कारण ती शासनाचीच लेखी कबुली आहे. नोटीस तारखेनंतर मिळाली, हेही पोच दाखवून लिहा आणि शेडवर जाऊन सुनावणी घेण्याची विनंती करा. तरीही नाव वगळले गेले, तर कलम २४ खाली पहिले अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे पंधरा दिवसांत आणि दुसरे मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांत करता येते. मुदत चुकवू नका.

मतदान केंद्रांची यादी जिल्हा निवडणूक अधिकारी आयोगाच्या पूर्वमान्यतेने ठरवतात. केंद्रांच्या सुसूत्रीकरणाचा प्रस्ताव तयार होत असतानाच मागणी पोहोचली पाहिजे. कार्यक्रम जाहीर झाल्यावर कोणी काही करू शकत नाही. ग्रामपंचायतीसाठी राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेऊन प्रभागनिहाय विभागतो. तो नावे नव्याने घालत किंवा वगळत नाही. म्हणून जी लढाई आहे ती याच टप्प्यावर लढा.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगावीशी वाटते. वाडीतील जी कुटुंबे मुंबई-पुण्याकडे कायमची गेली असतील आणि परतणार नसतील, त्यांची नावे धरून ठेवू नका. खोटे कथन हा कलम ३१ खाली गुन्हा आहे, आणि अशी दोन-चार नावे निघाली तरी उरलेल्या सर्वांच्या म्हणण्यावरचा विश्वास उडेल.

*

धागाकर्त्याचे उत्तर :

आपले मनापासून आभार. नमुना ८ मधील चौकोनाची बाब मला ठाऊक नव्हती; भरून ठेवलेले अर्ज जमा करण्याआधी आम्ही ते पुन्हा पाहू. कायमचे बाहेर गेलेल्यांविषयी आपण लिहिले ते वाडीच्या बैठकीत जसेच्या तसे मांडेन, कारण आमची बाजू खरी आहे आणि ती तशीच स्वच्छ राहिली पाहिजे.

निवेदनाचा मसुदा आता पुढील दिशेने लिहीत आहे. शासनाने तात्पुरत्या निवाऱ्यात हलवलेल्या मतदारांच्या नावांपुढे ‘आपत्तीग्रस्त, तात्पुरते स्थलांतरित’ अशी स्वतंत्र नोंद असावी. पक्क्या घराचा ताबा मिळेपर्यंत केवळ गैरहजेरीच्या कारणाने नाव वगळू नये. नोटीस निवाऱ्याच्या पत्त्यावर बजावावी. आणि मणिपूरप्रमाणे निवाऱ्याजवळ मूळ मतदारसंघाचे विशेष केंद्र द्यावे, किंवा ते शक्य नसल्यास मूळ केंद्रापर्यंत नेण्या-आणण्याची सोय करावी. ‘तात्पुरते’ म्हणजे किती काळ, हा प्रश्न विचारला जाणारच, म्हणून वर्षांची मर्यादा न घालता ताबा मिळण्याची अट घातली आहे. पुनर्वसन किती लांबेल हे मतदाराच्या हाती नसते, आणि शासनाच्या विलंबाने त्याचा अधिकार संपू नये.

मणिपूर किंवा वायनाडसाठी निघालेल्या आयोगाच्या आदेशांच्या प्रती कोणाकडे असतील, तर कृपया येथे द्याव्यात. विशेषतः दुसऱ्या मतदारसंघाच्या हद्दीत केंद्र उघडताना मतदान प्रतिनिधी आणि मतदान यंत्रे यांची व्यवस्था कशी केली गेली, तेवढा भाग मिळाला तरी मसुदा पुरा करता येईल.