मदत हवी आहे: आजी आणि नातवाचा एकच फोन, आणि फीडमध्ये नको नको ते

गोदाकाठ_इंदिरानगर
नमस्कार मंडळी. नाशिकला राहतो. घरात सासूबाई (वय ६८), मुलगी १४ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. आम्ही दोघं दिवसभर अंबडला कामावर असतो, त्यामुळे फोन काढून घेणं हा उपाय आम्हाला चालणारा नाही. नेमकी अडचण अशी:

सासूबाईंच्या अँड्रॉइड फोनवर मुलगा दुपारी यूट्यूब बघतो. आता त्या फोनवर भुताची कार्टूनं, रक्ताळलेले व्हिडिओ आणि ‘रोज पैसे कमवा’वाले सट्ट्याचे शॉर्ट्स येतात. सासूबाईंना वेगळंच: मधुमेहाच्या गोळ्या बंद करा, हा काढा घ्या. मुलीने इन्स्टाग्राम उघडताना जन्मसाल चुकीचं टाकलंय. शिवाय सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अपघाताचे फोटो येतात, ते थेट गॅलरीत जाऊन बसतात आणि मुलांच्या नजरेस पडतात. त्याच ग्रुपवर बिबट्या आल्याचे आणि गोदेच्या पुराचे व्हिडिओही फिरतात, खरे की बनावट ते कळत नाही.

सुरुवात कुठून करू? कृपया सेटिंगच्या नावांसकट सांगा.

सेटिंग_सातपूर
ताई, पहिला घोळ फोनचा नाही, खात्याचा आहे. यूट्यूब माणूस ओळखत नाही, खातं ओळखतं. नातू भुताचं कार्टून शेवटपर्यंत बघतो आणि आजी काढ्याचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघते, म्हणजे यूट्यूबच्या हिशेबी एकाच माणसाला दोन्ही आवडतात. मग दोघांनाही दोन्ही मिळतं. त्यामुळे आधी खाती वेगळी करा, बाकीचं नंतर.

मुलासाठी त्याच फोनवर ‘यूट्यूब किड्स’ टाका, पण ते तुमच्या खात्याने सुरू करा, सासूबाईंच्या नको. वयोगट ‘ओल्डर’ म्हणजे ९ ते १२ निवडा. त्यातही नको ते दिसलं तर ‘अप्रूव्ह्ड कंटेंट ओन्ली’ करा. मग तुम्ही स्वतः निवडलेले चॅनल आणि व्हिडिओच दिसतील, सर्चही बंद होईल. इथे बहुतेक घरी एक चूक होते. या ॲपच्या पालक सेटिंगचं कुलूप सुरुवातीला गुणाकार विचारतं. नऊ वर्षांच्या मुलाचे पाढे पाठ असतात, तो ते सहज उघडतो. स्वतःचा चार आकडी पासकोड ठेवा.

फोन मुलाच्या हातात देताना ‘ॲप पिनिंग’ (फोन एकाच ॲपवर अडकवून ठेवायची सोय) वापरा. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी, तिथे ॲप पिनिंग चालू करा आणि ‘अनपिन करताना पिन विचारा’ हेही चालू ठेवा. हे दुसरं बटण राहिलं तर पहिल्याचा काही उपयोग नाही, दोन बटणं दाबून धरली की मूल बाहेर पडतं. सासूबाईंना एवढंच शिकवायचं: यूट्यूब किड्स उघडा, पिन करा, मग फोन द्या.

आता सासूबाईंचं खातं. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज ऑल हिस्ट्री’ उघडा आणि पाहिलेल्या व्हिडिओंबरोबर सर्चची नोंदही पुसा. ती तशीच राहिली तर तेच विषय पुन्हा उगवतात. वॉच हिस्ट्री कायमची बंद करून टाकू नका. तशी ठेवली आणि आधीची नोंदही नसली तर होम पान जवळजवळ कोरं राहतं आणि वयस्कर माणसाला ॲप बिघडलं असं वाटतं. पुसून झाल्यावर त्यांच्या आवडीची भजनं, पाककृती, कीर्तनं असं काही थोडा वेळ मुद्दाम लावा, म्हणजे फीड नव्याने त्या वळणावर जातं.

नको तो व्हिडिओ आला की तीन टिंबांवर दाबून ‘डोन्ट रेकमेंड चॅनल’ निवडा. ‘नॉट इंटरेस्टेड’वर भिस्त ठेवू नका. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०२२ साली यूट्यूबच्या या बटणांची पाहणी प्रसिद्ध केली. चॅनल नाकारण्याच्या बटणाने नको असलेल्या शिफारशी ४३ टक्के घटल्या, ‘नॉट इंटरेस्टेड’ने जेमतेम ११ टक्के. म्हणजे सर्वांत चांगलं बटणही निम्म्यापर्यंत पोचत नाही. म्हणूनच खातं वेगळं करण्यावर मी इतका जोर देतोय.

ऑटोप्ले बंद करायला विसरू नका. दुपारी डुलकी लागलेल्या माणसाच्या फोनवर पुढचे दहा व्हिडिओ आपोआप चालतात आणि तेही ‘पाहिले’ म्हणून मोजले जातात.

औषधवाला_पंचवटी
काढ्याच्या व्हिडिओबद्दल. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय कायद्याने मनाई आहे, त्याच्या परिशिष्टात मधुमेहाचं नाव आहे. पण सासूबाईंपुढे कायदा वाचून उपयोग नाही. त्यांना ठामपणे एकच सांगा: गोळीत बदल फक्त डॉक्टर करतील. इन्सुलिन किंवा गोळी अचानक थांबवली की साखर झपाट्याने वाढते, काही वेळा रुग्णालयात दाखल करावं लागतं. व्हिडिओ बघितला म्हणून रागावू नका, नाहीतर त्या काढा घेतल्याचं लपवतील, आणि लपवलेला काढा डॉक्टरांनाही कळत नाही.

सट्ट्याच्या शॉर्ट्सबद्दल: पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि त्यांची जाहिरात, दोन्हीला २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे. तो व्हिडिओ नुसता सरकवू नका, रिपोर्ट करा आणि चॅनल नाकारा.

वायफाय_अंबड
घरच्या राउटरवर एक चाळणी लावता येते. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका (बहुधा १९२.१६८.१.१, नाहीतर राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो). डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) जागी पहिला १.१.१.३ आणि दुसरा १.०.०.३ भरा, आकडे इंग्रजीत. ही क्लाउडफ्लेअर कंपनीची कुटुंबांसाठीची मोफत सेवा आहे, अश्लील आणि व्हायरस पसरवणाऱ्या साइट उघडू देत नाही. दुसऱ्या जागी सवयीने ८.८.८.८ (गूगलचा साधा डीएनएस) ठेवू नका, अर्धी विचारणा तिकडून बिनचाळणी निसटते.

याच्या मर्यादा मात्र नीट समजून घ्या. ही चाळणी अख्खी साइट अडवते, इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबच्या आतला एखादा व्हिडिओ तिला दिसतच नाही. फोन मोबाइल डेटावर गेला की राउटरचा संबंध संपला. त्यासाठी अँड्रॉइडच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असतं, तिथे फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम हे नाव इंग्रजीत भरा. मग वायफाय असो वा डेटा, दोन्हीकडे लागू. नंतर एखाद्या स्टेशनच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर ‘इंटरनेट नाही’ दिसलं तर घाबरू नका, तिथलं लॉगिन पान या सेटिंगमुळे अडतं. तेवढ्यापुरतं ‘ऑटोमॅटिक’ करा आणि घरी आल्यावर परत लावा.

सेटिंग_सातपूर
मुलीच्या इन्स्टाग्रामचं राहिलं होतं. आधी जन्मतारीख खरी करा, इन्स्टाग्रामने ओळखीचा पुरावा मागितला तर द्या. भारतात २०२५ पासून अठराखालच्या मुलांना टीन अकाउंट लागू आहे: खातं खासगी, अनोळखी माणसाचा मेसेज येत नाही, भडक मजकुरावर कडक चाळणी, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद. सोळाखालचं मूल हे बंधन पालकांच्या परवानगीशिवाय सैल करू शकत नाही. त्यासाठी तुमचं स्वतःचं इन्स्टाग्राम खातं लागतं, ते ‘सुपरव्हिजन’ने जोडा. तिने गेल्या ७ दिवसांत कोणाला मेसेज केले ते दिसतं, मेसेजमधला मजकूर नाही. माझ्या मते १४ वर्षांच्या मुलीसाठी हे प्रमाण योग्य आहे.

फीड बिघडलंच असेल तर ‘कंटेंट प्रेफरन्सेस’मध्ये ‘रीसेट सजेस्टेड कंटेंट’ आहे. आणि हे सगळं तिच्या शेजारी बसून करा. चोरून केलं तर त्याच ॲपमध्ये दुसरं खातं उघडायला दोन मिनिटं लागतात.

व्हॉट्सॲप: ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये मीडिया ऑटो-डाउनलोडच्या तिन्ही ओळी (डेटा, वायफाय, रोमिंग) रिकाम्या करा. ‘चॅट्स’मध्ये ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा, नवे फोटो गॅलरीत जाणं तिथेच थांबतं. प्रायव्हसीत ‘ग्रुप्स’ला ‘माय कॉन्टॅक्ट्स’ ठेवा. ॲडमिनला विनंती करा, दुसऱ्याने टाकलेला फोटोही त्याला सगळ्यांसाठी पुसता येतो.

बिबट्या_आला_का
बिबट्याच्या आणि गोदेच्या पुराच्या व्हिडिओंबद्दल. मेसेजवर दुहेरी बाण असेल तर तो खूपदा फॉरवर्ड झालेला असतो. व्हिडिओ थांबवून एक चित्र घ्या, गूगल लेन्सवर टाका, जुना असेल तर बहुधा सापडतो. बनावट व्हिडिओत बिबट्याची सावली, पंजा आणि जमिनीचा स्पर्श बघा, तिथे गडबड दिसते. खरंच दिसला असेल तर ग्रुपवर टाकण्याआधी वन विभागाला १९२६ वर कळवा.

गोदाकाठ_इंदिरानगर
खूप आभार सगळ्यांचे. एक विचारायचं राहिलं. उद्या कोणी मुलीचा फोटो बदलून धमकी दिली, तर पहिल्या तासात नेमकं काय करायचं?

सायबर_कायदा
ताई, पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की मागणी वाढते. उत्तर देऊ नका, पण लगेच ब्लॉक करून चॅट पुसूही नका. यूजरनेम, प्रोफाइलची लिंक, तारीख आणि वेळ लिहून घ्या. यूजरनेम नंतर बदलता येतं, म्हणून हे लगेच करा. धमकीच्या मजकुराचा स्क्रीनशॉट घ्या, पण अल्पवयीन मुलीचा तसा फोटो स्वतःकडे साठवू नका आणि नातेवाइकांना दाखवायलाही पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब आणि पोक्सो दोन्ही इथे लागू होतात. मुलीचा फोन आहे तसाच पोलिसांना दाखवा. हे झालं की ब्लॉक करा.

मग मुलीच्याच फोनवरून ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा वापरा, अठराखालच्यांसाठी आहे. फोटो फोनबाहेर जात नाही, त्याचा आकडी ठसा तेवढा जातो आणि सहभागी साइट त्यावरून फोटो अडवतात. फोटो कापला किंवा रंग बदलला की ठसा बदलतो, म्हणून हाती आलेल्या प्रत्येक रूपाचा ठसा वेगळा द्या. व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटपर्यंत ही सेवा पोचत नाही. प्रौढांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ आहे.

त्याच दिवशी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांच्या विभागात तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकते. मुलीला बोलायला कोणी हवं असेल तर १०९८. शिवाय त्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. अशा फोटोंसाठी २०२१ च्या नियमांत काढण्याची मुदत २४ तासांची ठेवली होती, तुमच्या तक्रारीत वेळ नोंदलेली असेल तरच ती मोजता येते.

नाशिकला शहर पोलीस आयुक्तालयाचं सायबर ठाणं वेगळं आणि ग्रामीणचं वेगळं. इंदिरानगर शहराच्या हद्दीत येतं. पण हद्दीच्या कारणाने कोणी परत पाठवलं तर ‘झिरो एफआयआर’ मागा, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठल्याही ठाण्यात नोंद करावीच लागते. प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका.