लेकीच्या बाळंतपणाला ऑगस्टात कॅनडाला (किलोना) जायचंय. धूर, ऊन आणि ह्यांच्या दम्याचं काय करू?

सेलूची_सिस्टर:

नमस्कार. मी एएनएम होते, परभणी जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवरच सगळी सर्व्हिस गेली. लेक आणि जावई ब्रिटिश कोलंबियात किलोनाला असतात, दोघंही पीआर (कायमचे रहिवासी) आहेत. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिलीय. जावई म्हणायलेत, सुपर व्हिसा (आई-वडिलांना लांब मुक्कामासाठी मिळतो तो) काढू, दोघंही मेमध्येच निघा, तेवढाच इकडचा उन्हाळा चुकेल. आमचे हे एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत, त्यांनी तर बॅग माळ्यावरून काढली पण. त्यांना दमा आहे (डॉक्टर सीओपीडी म्हणतात, फुफ्फुसाचा जुनाट आजार), बीपीची गोळी चालू आहे. संक्रांतीनंतर त्रास वाढला म्हणून परभणीच्या डॉक्टरांनी इन्हेलर बदलून दिला, आता बरं आहे.

मी आपलं म्हणलं, जायच्या आधी वाचून घ्यावं. वाचलं आणि डोकं फिरलं. २०२१ च्या जूनअखेरीस त्याच प्रांतात लिटन नावाच्या गावी पारा ४९.६ अंशांवर गेला आणि दुसऱ्या दिवशी ते गावच जळालं. त्या आठवड्यात प्रांतात उष्णतेनं ६१९ माणसं गेली. आमच्या परभणीनं ४५ दाखवलंय, पण पन्नासला टेकलेलं मी तरी पाहिलं नाही. आणि त्या ६१९ मधले जवळजवळ सगळे घरात मेले. शेतात नाही, रस्त्यावर नाही, आपापल्या घरात. बहुतेक सत्तरीच्या पुढचे, निम्म्याहून जास्त एकटे राहणारे.

मला हे कळेना. एवढा श्रीमंत देश, सगळ्यांना फुकट दवाखाना, आणि म्हाताऱ्या माणसाचं दार वाजवायला कुणी नाही? आमच्याकडं आशाताईला कुठल्या घरात कोण अंथरुणाला आहे ते पाठ असतं. तिथं असं कुणी असतं का?

आता माझ्या कामाचं. ऑगस्टात तिथं जंगलाचा धूर असतो म्हणतात, तो किती असतो? लेक लाकडी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. ह्यांना न्यावं की ठेवून जावं? आणि तिथं ह्यांना ॲडमिट करायची वेळ आली तर तो "फुकट" दवाखाना आम्हाला लागू होतो का? डिंकाचे लाडू नेऊ देतात का ते नंतर विचारते, आधी जिवाचं बघू.


नांदेडकर_ओकानागन:

काकू, मी किलोनासमोर सरोवराच्या पलीकडच्या काठाला, वेस्ट किलोनात राहतो. धुराचं खरं सांगतो, घाबरवायला नाही. काही वर्षी जुलै-ऑगस्टात आभाळ निळंशार असतं, पाहुणे सरोवरात पोहून खूश होऊन जातात. काही वर्षी सूर्य दुपारी कुंकवाच्या टिकलीएवढा लाल दिसतो आणि गाडीवर राख पडते. २०२३ च्या ऑगस्टात मॅकडूगल क्रीकची आग डोंगरावरून खाली आली, तळं ओलांडून किलोनाच्या बाजूला ठिणग्या गेल्या, हजारो लोकांना घरं सोडायला लावली. आम्ही पासपोर्ट, पोरांचे दाखले आणि आईचे दागिने एका बॅगेत भरून दाराशी ठेवले होते. त्या वर्षी देशभरात मिळून साधारण दीड कोटी हेक्टर जळालं. आपले आठही जिल्हे धरून मराठवाडा पासष्ट लाख हेक्टरच्या आसपास भरतो, त्यावरून हिशोब करा. २०२५ मध्येही ऐंशी लाखांच्या वर गेलं.

कुठलं वर्ष कसं निघेल ते मे महिन्यात कुणी सांगू शकत नाही. तिकीट मात्र मे महिन्यात काढावं लागतं.

लेकीच्या घरात काय करायचं ते सांगतो. इथं हवेचा एक आकडा रोज जाहीर होतो, एक्यूएचआय. तीनपर्यंत ठीक, सातपासून वर गेला की दमेकऱ्यानं बाहेर पडायचं नाही, दहाच्या वर तर सगळ्यांनीच जपायचं. एका खोलीत हेपा फिल्टरचं (हवेतला धूर गाळणारं) मशीन लावून ती खोली धुराच्या दिवसांसाठी राखून ठेवायची. जावयाला सांगा, मशीन एप्रिलमध्येच आणून ठेव. धूर आल्यावर दुकानात मिळत नाही.

पण खरी अडचण वेगळीच आहे. धूर म्हणतो खिडक्या लाव, ऊन म्हणतो खिडक्या उघड. तिसरा मजला, लाकडी इमारत, वर छत तापलेलं. अशा वेळी आरोग्य खात्याचं सांगणं असतं की आधी अंग थंड ठेवा, उष्णता माणसाला लवकर मारते. म्हणून एसी आहे का ते आधी विचारा, हेपा नंतर. एसी नसेल तर दुपारी लायब्ररीत किंवा मॉलमध्ये जाऊन बसायचं. इथले म्हातारे तसंच करतात.


उदगीरचा_पाहुणा:

तिकडचे लोक घरात ३१ अंश झाले की धोका म्हणतात, असं एका मित्रानं पाठवलं होतं. ३१! आमच्याकडं मे महिन्यात रात्री अकराला घरात ३१ असलं तर आम्ही पांघरूण शोधतो. इथं बायाबापड्या ४३ अंशात टँकरमागं घागरी घेऊन पळतात, त्यांची आणीबाणी कुणी जाहीर करीना. काकू, बिनधास्त जा. गारव्याला कुणी मरत नसतं.


छातीचा_डॉक्टर_अंबाजोगाई:

उदगीरकर, टँकरचं बरोबर बोललात, बाकीचं नाही.

३१ हा आकडा दुपारच्या उन्हाचा नाही. घराच्या आतलं तापमान रात्रंदिवस त्याच्या वर राहिलं तर वयस्कर, एकटा, आजारी माणूस धोक्यात येतो, असा त्याचा अर्थ आहे. २६ च्या खाली असलं तर काळजी नाही. २०२१ मध्ये तिथं रात्रीही तापमान उतरलं नाही. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. आपल्याला ती मार्चपासून हळूहळू होते, त्यांना दोन दिवस मिळाले. आणि आपल्याकडंही उष्णतेनं माणसं जातात. फक्त सर्टिफिकेटवर हार्ट ॲटॅक लिहिलेलं असतं आणि आकडा कुठंच जमा होत नाही. त्यांनी प्रत्येक मृत्यूची चौकशी केली म्हणून ६१९ निघाले. आपण मोजलेच नाहीत.

सिस्टर, साहेबांबद्दल. त्यांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का ते चिठ्ठीवर बघा. असेल तर उन्हाच्या दिवसात पाणी आणि मीठ दोन्ही लवकर उतरतं, निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. इन्हेलर नुकताच बदललाय, म्हणजे आजार अजून पुरता बसलेला नाही. लाकडाच्या धुरातले बारीक कण, ज्याला पीएम २.५ म्हणतो, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. सीओपीडीच्या माणसाला असा आठवडाभराचा धूर पुरेसा होतो. मी त्यांना ऑगस्टात जा म्हणणार नाही.

लेकीलाही सांभाळा. गरोदरपणात हाच धूर चांगला नाही, दिवस पुरे भरण्याआधी बाळंतपण आणि कमी वजन, दोन्हींशी त्याचा संबंध आढळलाय. बाहेर जायचंच असेल तर एन-९५ मास्क, ओढणी बांधून काही होत नाही. आणि तुम्ही दोघांनीही जाण्याआधी टीडॅप घेऊन टाका, डांग्या खोकल्यासाठी. ते मी तुम्हाला काय सांगू, जन्मभर तुम्हीच टोचलंय लोकांना.


सेलूची_सिस्टर:

डॉक्टरसाहेब, धन्यवाद. गोळी बघितली, त्यात ते पाण्याचं औषध आहेच.

घराचं वाचून मला आमच्या सासरचं माळवद आठवलं. हात-दीड हात जाडीच्या भिंती, वर लाकडं, त्यावर मातीचा थर, वर उजेडाला एवढंसं सवाणं. पावसाळ्यात गळायचं, तो एक ताप होताच. पण मे महिन्यात दुपारी आत गेलं की डोळे मिटायचे. नंतर दिरांनी पाडून स्लॅब टाकला, आता त्या घरात कूलरशिवाय बसवत नाही. म्हणजे तिथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, एकदा तापली की सोडतच नाहीत. आणि आम्ही आमची गार घरं पाडून तसलीच बांधायलोत, तेही थंडी नसताना. इंदिरा आवास, पंतप्रधान आवास, सगळ्यांच्या याद्या मी बघितल्यात, पत्र्याला आणि स्लॅबला पैसे मिळतात, माळवदाला नाही.

उदगीरकर, तुमचा राग कळतो मला. पण मेलेल्यांत तुमच्या-माझ्यासारखी म्हातारीच होती की, पाण्याचा नळ शेजारी असून मेली. माझा आशाताईचा प्रश्न तसाच राहिलाय. कुणी सांगेल का?


नांदेडकर_ओकानागन:

सांगतो काकू. आशासारखं गल्लीतलं माणूस इथं नाही. २०२१ नंतर प्रांतानं इशाऱ्याच्या दोन पायऱ्या केल्या, साधी उष्णतेची सूचना आणि वरची म्हणजे अतिउष्णतेची आणीबाणी. दुसरी लागली की सगळ्यांचे मोबाइल एकदम कर्कश वाजतात. कमी उत्पन्नाच्या, आजारी लोकांना फुकट पोर्टेबल एसी द्यायलाही सुरुवात केली. शेजाऱ्याची चौकशी कशी करायची, फोनवर काय विचारायचं, दार कधी ठोठवायचं याची छापील पत्रकं निघालीत. म्हणजे तुमची आशाताई जे न सांगता करते, ते इथं पत्रक काढून शिकवावं लागतं. ८११ नंबरवर दिवसरात्र नर्स बोलते, दुभाष्या मागता येतो. तो नंबर साहेबांच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा.


लातूरची_ब्रॅम्प्टनमध्ये:

काकू, दवाखान्याचं मी सांगते, त्यात हात पोळलेत.

"फुकट" दवाखाना इथं राहणाऱ्यांना. १९८४ च्या कॅनडा हेल्थ ॲक्टप्रमाणे दवाखाना आणि डॉक्टर यांचा खर्च प्रांताच्या विम्यातून जातो, प्रत्येक प्रांताचा कारभार वेगळा. तुमच्या लेकीचं नाव ब्रिटिश कोलंबियाच्या एमएसपीत (प्रांताच्या सरकारी आरोग्य विम्यात) असेल तर बाळंतपणाला एक डॉलर लागणार नाही. तिला सुईणही मिळू शकते, म्हणजे शिकलेली, लायसन्स असलेली मिडवाइफ, तीही सरकारी खर्चानं. तिथं १९९८ पासून आहे हे. तुम्हाला तिच्याशी बोलायला आवडेल. मात्र सगळं नीट असलं तर एक-दोन दिवसांत घरी सोडतात, पुढं तुम्हीच.

सुपर व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना यातलं काहीच लागू नाही. म्हणून तर व्हिसासाठीच किमान एक लाख डॉलरचा, वर्षभराचा खाजगी विमा मागतात. तो आहे म्हणून निवांत राहू नका. बारीक अक्षरं वाचा. जुना आजार असेल तर बहुतेक पॉलिसींत अट असते की निघण्याआधी अमुक दिवस, कुठं नव्वद, कुठं एकशेऐंशी, तो आजार "स्थिर" पाहिजे. स्थिर म्हणजे नवी गोळी नाही, डोस वाढलेला नाही आणि कमीही झालेला नाही. माझ्या सासऱ्यांची बीपीची गोळी निघण्याआधी अर्ध्याची पूर्ण झाली होती. इथं छातीत दुखलं, इमर्जन्सीत नेलं, कंपनीनं तेवढ्याच मुद्द्यावर हात वर केले. बिल अजून हप्त्यानं फेडतोय.

काकांचा इन्हेलर संक्रांतीनंतर बदललाय ना? मेमध्ये निघालात तर एकशेऐंशी दिवस काही भरत नाहीत.

आणि फॅमिली डॉक्टर मिळेल असं धरू नका. २०२२ च्या पाहणीत पासष्ट लाखांहून जास्त प्रौढांना तो नव्हता, त्यात नागरिकही आले. इमर्जन्सीत आजाराच्या गंभीरपणावर नंबर लागतो, पैशावर नाही, हे चांगलं आहे. पण घसा दुखतोय म्हणून गेलात तर रात्र तिथंच जाते. औषधं तीन महिन्यांपुरती आणता येतात, मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट. डब्यात एकत्र करून आणू नका.


छातीचा_डॉक्टर_अंबाजोगाई:

एक जोडतो. विम्यासाठी म्हणून इन्हेलर बदलायचा थांबवू नका, किंवा गरज असून डोस लपवू नका. असे पेशंट बघितलेत, विमानात बसायच्या आधीच ॲडमिट झालेले. आधी आजार बसू द्या, मग तारीख ठरवा.


सेलूची_सिस्टर:

सगळं घरात वाचून दाखवलं. ह्यांचं म्हणणं, "मला इथं ठेवून जाशील तर माझ्या भाकरीचं काय?" पस्तीस वर्षं ड्युटीवर मुक्कामी डेपोत भाकरी कुणी थापून दिली ते विचारलं, मग गप्प बसले. पुतण्या शेजारीच आहे, त्याची बायको दोन्ही वेळचं बघते म्हणाली.

मी एकटी जुलैत निघते. माझी थायरॉइडची गोळी कित्येक वर्षांत बदललेली नाही, विम्याला अडचण नसावी. जावयाला एसी आणि हेपाचं दोन्ही सांगितलं. एसी आहे म्हणे, पण फक्त हॉलमध्ये, मग बाळंतिणीची खाट हॉलमध्येच टाकायची. ह्यांचं ऑक्टोबरात बघू, तोवर आगी विझतात आणि इन्हेलरचे दिवसही भरतात. थंडीचं काय ते तेव्हा विचारते.

ब्रॅम्प्टनच्या ताई, दोन कंपन्यांची कोटेशनं मागवलीत. आली की नाव-नंबर झाकून इथं टाकते. "स्थिर"ची व्याख्या दोघींची वेगळी दिसली तर मला समजावून सांगा.