सिव्हिकची १८ इंची चाकं: हिवाळी टायर कोणत्या साइजचे?

ब्रॉसार्डहून:

नमस्कार मंडळी,
मॉन्ट्रियालमधला आमचा हा पहिलाच हिवाळा. सेकंडहँड होंडा सिव्हिक घेतली आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर २३५/४०आर१८ असं लिहिलंय. १ डिसेंबरच्या आत हिवाळी टायर हवेत. मूळ रिमवरच चढवू की वेगळे रिम घेऊ? लिस्टवरच्या एका काकांनी त्यांच्या २०१२ च्या कोरोलाचे २०५/५५आर१६ टायर रिमसकट देऊ केलेत. ते चालतील का?

लावालहून:

नमस्कार,
काकांचं मन मोठं, पण ते रिम तुमच्या गाडीला बसणारच नाहीत. कोरोलाचे पाच बोल्ट १०० मिमीच्या वर्तुळावर, तुमचे ११४.३ वर. मधलं भोकही कोरोलाचं ५४.१ मिमी आणि सिव्हिकचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, ६४.१.

नुसते टायर काढून घ्यायचा विचारही नको. तुमचा आकडा असा वाचा: रुंदी २३५ मिमी, तिच्या ४० टक्के म्हणजे ९४ मिमी टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची. ती दोनदा धरा, त्यात १८ इंच म्हणजे ४५७ मिमी मिळवा: व्यास ६४५. काकांच्या टायरचा येतो ६३२. दोन टक्के कमी, आणि तेवढंच स्पीडोमीटर पुढे पळणार.

आता तुमच्याच सिव्हिकच्या खालच्या मॉडेलला कंपनी २१५/५५आर१६ देते. व्यास ६४३! मी डोळे झाकून हाच साइज घेईन, चार वेगळ्या १६ इंची रिमवर. मार्चमधले इथले खड्डे तुम्ही अजून पाहिले नाहीत. ९४ मिमीच्या टायरमधून धक्का थेट रिमला बसतो आणि रिम वाकते. ११८ मिमीचा टायर तो बराचसा पचवतो. शिवाय अरुंद टायर भुसभुशीत बर्फ कापत जातो आणि स्वस्तही पडतो. गाडी एस-आय, म्हणजे सिव्हिकचं स्पोर्टी मॉडेल, असेल तर मात्र १६ चा नाद सोडा, तिचे ब्रेक मोठे असतात.

मूळ रिमच वापरायच्या असतील तर २३५/४०आर१८ घ्या, नाहीतर २२५/४०आर१८. पण दुसऱ्यात लोड इंडेक्स बघा. तुमच्या स्टिकरवर साइजपुढे ९१ असेल, म्हणजे एका टायरला ६१५ किलो. २२५ मध्ये ८८ चाही मिळतो, तो ५६० चाच. कुणी गळ्यात मारायला लागलं तर घेऊ नका. एक्सएल, म्हणजे जास्त भार पेलणारा, ९२ चा मागा. दर मोसमात एकाच रिमवर टायर काढ-घाल करण्याची मजुरीही हिशेबात धरा.

टायरवर तीन शिखरांचा पर्वत आणि त्यात हिमकण हे चिन्ह हवंच. क्युबेकमध्ये नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) हे अक्षरी चिन्ह चालत नाही.

नटांकडे कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. होंडाच्या मूळ नटांचं बूड गोल असतं. बाजारातल्या बहुतेक रिमना शंकूच्या आकाराचे लागतात. जुने नट त्यावर घट्ट वाटतात, पण नीट टेकत नाहीत आणि सैल होतात. रिमसोबत नवे नट घ्या, १०८ न्यूटन-मीटरला आवळा आणि शंभरेक किलोमीटरनंतर परत तपासा. हवेच्या दाबाचे सेन्सर घ्यायला लागत नाहीत, सिव्हिक ते चाकांच्या फिरण्यावरून ओळखते. बदलल्यावर फक्त कॅलिब्रेट करा.

वेस्ट आयलंडहून:

बरं झालं वेळेत कळलं. माझ्या कोरोलाच्या चारही टायरांवर पर्वताचं चिन्ह आहे, नक्षी सहा मिमी शिल्लक आहे. त्या पिढीची कोरोला कुणाकडे असेल तर कळवा, रविवारी घरीच आहे.